धरलं म्हटलं की धरायचं

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. केडगावच्या थांब्यावर एसटीत चढले ती श्रीगोंदा येईपर्यंत उभीच. निम्म्या गाडीत लग्नाचं वऱ्हाड आणि उरलेल्या निम्म्या गाडीत त्यांच्या पिशव्या. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एवढे, की ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी ट्रॅक्टरवरच्या गाण्यांना मान हलवायला लागला. पण माझा मूड आज कशानंच बिघडणार नव्हता. सेफ्टी सुपरवायझर सुकन्या! नगरला डिप्लोमा करताना सगळे हसायचे, की या पोरीला उंचावर कोण चढू देणार. घ्या आता.

ताईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. रोहिणीताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून माझ्या वेण्या, डबे, फिया, आजारपणं, सगळं हिनंच काढलं. लग्न ठरताना तिनं कल्याणदाजींना स्पष्ट सांगितलं होतं म्हणे, की माझ्याबरोबर माझी बहीणही पदरात पडेल. दाजी लगेच हो म्हणाले होते. म्हणून दाजी मला पहिल्यापासून आवडतात. नोकरीही त्यांनीच लावली. इथल्या एका साखर कारखान्याला लागून मक्यापासून इथेनॉल करायचा प्लांट होतोय. त्यात मका साठवायचे उंच सायलो उभे करायचं काम दाजींच्या कंपनीकडे आहे आणि दाजी तिथले इंजिनिअर.

दाजी मात्र फार वाळलेत. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. मी चिडवलं, की ताई जेवायला घालत नाही वाटतं. ताई म्हणाली, कामाचा ताण आहे.

भाची दिशा यंदा पहिलीत आहे. माझी बॅग उघडून हेल्मेट काढून बसली. आता ते घालूनच झोपलीय.

४ फेब्रुवारी

पहिला दिवस! डोकं भणभणतंय, पण आनंदानं.

सायलो म्हणजे पत्र्याचा गोल डबा, फक्त सात-आठ मजली. बाहेरून शिडी आणि शिडीला अधूनमधून दम खायला कठड्याचे लोखंडी कट्टे. उंचावर जाणाऱ्याच्या अंगात पट्ट्यांचा बेल्ट असतो, बेल्टला पाठीमागं दोरी आणि दोरीच्या टोकाला हुक. हुक भक्कम लोखंडात अडकवायचा. आम्ही अभ्यासात लॅनयार्ड म्हणायचो, इथं सगळे दोरीच म्हणतात. दोरीत मध्येच एक जाड पुडी शिवलेली असते. माणूस पडला तर त्या पुडीची शिलाई उसवत जाते आणि झटका कमी बसतो. एकदा उसवली की ती दोरी कापून फेकायची, पुन्हा कुणाच्या अंगाला लावायची नाही. हे वाक्य परीक्षेत इतक्यांदा लिहिलंय, की झोपेतही म्हणेन.

टोळी पाथर्डीकडची. मुकादम कानिफनाथ, मिशा पांढऱ्या पण शिडी चढतो माकडासारखा. यांची एक पद्धत बघून मी खूशच झाले. प्रत्येकाची जोडी ठरलेली. वर जाऊन हुक अडकवला, की जोडीदार मागून दोरी कचकन ओढून बघतो आणि म्हणतो, "धरलं." ते ऐकल्याशिवाय कोणी कठड्याबाहेर पाय टाकत नाही. खाली उतरल्यावर तोच म्हणतो, "सोडलं." कानिफनाथ मला म्हणाला, "म्याडम, धरलं म्हटलं की धरायचं. मंग आभाळ पडू दे." आमच्या पुस्तकानं ज्याला चार धडे घेतलेत ते यांनी एका शब्दात बसवलंय.

माझंही स्वागत झालं. सगळ्यांनी मला पहिल्या कट्ट्यावर नेलं, तीन मजले असेल. तिथं कठड्याला एक जुनी दोरी अडकवलेली होती. पुडी पार उसवलेली, खालचं टोक तुटकं. मी लगेच वसकन अंगावर गेले, की ही अशी दोरी इथं काय करतेय? दाजी म्हणाले, अशी वापरू नका हे दाखवायला ठेवलीय. मला पटलं, उलट कौतुकच वाटलं. मग दाजींनी नारळ फोडला आणि म्हणाले, इथं नवीन माणसानं आधी जागेशी जोडी लावायची असते. ती दोरी ओढ आणि म्हण. मी हसत हसत दोन्ही हातांनी ओढली आणि मोठ्यानं म्हटलं, "धरलं!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कानिफनाथ तोंड फिरवून खाली बघत होता. दोरी ओढली तेव्हा तुटक्या टोकाला काहीतरी लटकल्यासारखी जड लागली, वारा असेल. दाजींनी मात्र कठड्याला टेकून एवढा मोठा श्वास सोडला, की मला हसूच आलं. घरी येताना त्यांनी पावशेर पेढे घेतले आणि निम्मे वाटेतच संपवले.

८ फेब्रुवारी

काम जोरात. हेल्मेट न घालणाऱ्या दोघांना हाकललं. आता मला बघितलं की सगळे पटापट डोक्याला हात लावतात.

एक गोष्ट मात्र खटकते. मला वरच्या कट्ट्यांची तपासणी करायचीय, पण माझी दोरी ओढायला कोणी तयार नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, माझी जोडी लागलीय. शेवटी कानिफनाथला दरडावलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "तुमची बी लागलीय की, म्याडम." कुणाशी, ते सांगेना. कारखान्याचा पाळी बदलायचा बाराचा भोंगा वाजला, की हे सगळे गडी आहेत तिथून बाजूला सरकून सायलोकडं पाठ करून उभे राहतात. मी कारण विचारलं. म्हणे, सवय.

गेटवर चहाची टपरी आहे. चांगुणाबाई चालवतात, चाळिशीच्या, कपाळ मोकळं. आज त्यांनी चहा दिला आणि माझ्या पाठीमागं कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी वळून पाहिलं. मोकळं आवार, ऊन.

दाजी भरभर सुधारताहेत. काल तीन भाकरी खाल्ल्या. माझा पायगुण चांगला, असं ताई शेजारणीला सांगत होती.

११ फेब्रुवारी

आज दुपारी भोंगा वाजला आणि कोणीतरी मागून माझा बेल्ट ओढला.

जोरात नाही. पण वाऱ्याचं ओढणं वेगळं आणि माणसाचं वेगळं, एवढं मला कळतं. मी आवाराच्या मधोमध उभी होते. मागं कोणी नव्हतं. मला आधी रागच आला, की नव्या पोरीची फिरकी घेताहेत. पण सगळे गडी लांब भिंतीशी, पाठमोरे. कानिफनाथ तेवढा माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी ठरवलंय, की बेल्टचा पट्टा कुठंतरी अडकला असेल. सेफ्टीच्या माणसानं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला तर झालंच.

१४ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवते.

दोन दिवस मी बेल्ट घातलाच नाही, मुद्दाम. ऑफिसात कागद लावत बसले. तरी बाराला ओढ आलीच. पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं दोरीची कडी असते तिथंच. काल कचकन. आज नुसती कचकन नाही, ओझं आलं. जवान माणूस लोंबकळल्यावर येईल तेवढं. खुर्चीसकट मागं गेले, दारातून बाहेर, आवारातून सायलोच्या दिशेनं. बुटांच्या टाचा मातीत रुतून दोन चर पडलेत, ते अजून तिथं आहेत. मचाणाच्या पाइपला मिठी मारली म्हणून थांबले. भोंगा थांबल्यावर थोड्या वेळानं ओझं उतरलं.

भिंतीशी सगळी टोळी होती. एकही पुढं आला नाही. मी ओरडून हाका मारल्या. एकही नाही.

आंघोळीच्या वेळी पाहिलं. मांड्यांभोवती आणि खांद्यांवरून काळेनिळे पट्टे उठलेत. मला शिकवलंय हे कशाचे असतात. उंचावरून पडून दोरीवर अडकलेल्या माणसाच्या अंगावर असे पट्टे उठतात. मी कुठूनही पडलेले नाही.

ताईला दाखवले. तिनं हळद लावली आणि काही विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चांगुणाबाईंच्या घरी गेले होते. मीच पत्ता काढला. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग उघडलं.

त्यांच्या नवऱ्याचं नाव श्रीमंत. याच टोळीतला. दिवाळीनंतर याच सायलोच्या पहिल्या कट्ट्यावरून पडला, बाराचा भोंगा वाजत असताना. मला या साइटवर एकही अपघात नाही असं दाजींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. बाहेर सांगितलं गेलं, की दारू पिऊन सुट्टीच्या दिवशी चढला होता. चांगुणाबाई म्हणाल्या, "त्यांनी कंदी सुपारी खाल्ली न्हाई, ताई."

त्याच्या दोरीची पुडी आधीच एकदा उसवलेली होती. नवी मागवायची तर काम थांबणार, म्हणून गाड्यांची सीट शिवणाऱ्याकडून ती परत शिवून आणली होती. श्रीमंतनं ती बघितली आणि वर जायला नको म्हणाला. त्या दिवशी त्याचा जोडीदार आला नव्हता. तेव्हा साइटचे साहेब स्वतः वर चढले, त्यांनी मागून दोरी ओढली आणि म्हणाले, धरलं. साहेबच म्हणाले म्हटल्यावर श्रीमंतनं पाय बाहेर टाकला.

साहेब म्हणजे कल्याणदाजी.

तेव्हापासून दाजींना ओढ लागली होती. तेच पट्टे. तेच ओझं, रोज बाराला. एकदा वैतागून दाजी कट्ट्यावर गेले आणि ती दोरी हातात धरून ओरडले, सोडलं! तर खाली उभी असलेली सिमेंटची ढकलगाडी पापडासारखी चपटी झाली, वरून काही पडताना दिसलं नाही. सोडलं म्हटलं की त्याचं ओझं खाली कोसळतं. आणि दुसऱ्या दिवशी बाराला ओढ परत हजर. ज्यानं धरलं म्हटलं त्याच्याकडंच तो परत येतो. आपणहून दुसऱ्या कोणी दोरी ओढून धरलं म्हटलं, तरच पहिला सुटतो. टोळीतलं कोणी म्हणेना. मग नगरहून मी आले.

मला नारळ, पेढे, सगळं आठवलं आणि उलटी झाली. त्यांच्या मोरीतच.

मी विचारलं, तो माझ्यावर का सूड उगवतोय? चांगुणाबाईंनी माझं तोंड पुसलं. म्हणाल्या, "सूड न्हाई वं. ते कुनावर रागवायचं न्हाईत. त्यान्ला वाटतं, आपल्याला कुनीतरी धरलंय. म्हनून लटकून हायत."

१७ फेब्रुवारी

दाजींना विचारलं. ताईसमोरच. मला वाटलं होतं नाकारतील, आणि मी मनोमन तयार होते विश्वास ठेवायला. पण ते पडले माझ्या पायावर. मोठा माणूस, माझ्या ताईचा नवरा, माझ्या पायावर! घाबरलो होतो म्हणाले. मरायला लागलो होतो. तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

आणि माझं काय? मी काय सिमेंटची गोणी होते, आणून टाकायला? मी खूप बोलले. आयुष्यात कोणाला बोलले नाही एवढं. ताई ओट्याशी पाठ करून कणीक तिंबत राहिली.

शेवटी दाजी म्हणाले, महाशिवरात्रीला साइट बंद आहे. आपण दोघं वर जाऊ. मी माझ्या हातानं दोरी ओढून धरलं म्हणतो आणि तू सुटशील. दिशाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

१८ फेब्रुवारी

वाट कशाला बघायची म्हणून सकाळच्या एसटीनं केडगावला निघाले. लांब गेलं की ओझं कमी होईल असं वाटलं. उलटं झालं. गाडी वाटेत बंद पडली आणि रस्त्यातच बारा वाजले. सीटवरून मागं मागं, सगळ्या गाडीतून, लोकांच्या पायांवरून, मागच्या काचेपर्यंत. पाठ मोडते की काय असं झालं. कंडक्टरनं फिट आली म्हणून उतरवून दिलं, कांद्याचा वास देत.

परत आले. जितकी लांब तितका जड.

२० फेब्रुवारी

आता बाराच्या आधी घरी येते आणि पलंगाच्या लोखंडी पायाला ओढणीनं स्वतःला बांधून घेते. पलंगासकट सरकते. दिशाला वाटतं खेळ आहे. शाळेतून आली की माझ्या मांडीत बसून गळ्याला मिठी मारते आणि म्हणते, मावशी, मी तुला धरलंय. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हा शब्द म्हणू नकोस म्हटलं, कधीच म्हणू नकोस. ती रडली. मीही.

दाजी बाराला घरात नसतात. ताई शेजारी जाते.

दिवसेंदिवस जड होतोय तो. किंवा मीच हलकी होतेय. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला.

२२ फेब्रुवारी

आज दाजींनी वेगळंच काढलं. ऑफिसात निकिता नावाची नवीन मुलगी येतेय, ट्रेनी. तिच्याकडून म्हणवून घ्यायचं. म्हणजे तू सुटलीस, मीही सुटलो. नारळ मी आणतो म्हणाले.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला बरं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली. मी म्हटलं, त्या मुलीला हात लावू दिला तर पोलिसांत जाईन, सीट शिवणाऱ्यापासून सगळ्यांना उभं करीन. ताई म्हणाली, ऐक ना त्यांचं. एवढंच.

मी ताईकडं बघत राहिले. तिनं ताटात भात वाढला.

जाऊ दे. तीही घाबरलीय.

२३ फेब्रुवारी

कानिफनाथ घरी आला, दारातच उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "आमी समदे गुन्हेगार हाय, म्याडम." मग एक गोष्ट सांगितली. जोडी संपायची आणखी एक वाट आहे. जोडीदारही त्याच्यामागं गेला, म्हणजे खाली गेला, की संपली. मग तो कुणाकडंच परत येत नाही. दाजींना ही गोष्ट त्यानंच सांगितली होती म्हणे, लई दिवसांपूर्वी. साहेबांच्या बरोबर वर जाऊ नका म्हणाला.

मी त्याला हाकललं. जेव्हा हाका मारत होते तेव्हा भिंतीशी उभा होतास, म्हटलं. आता माया कुठून आली?

दाजींनी दिशाच्या डोक्यावर हात ठेवलाय. पोटच्या पोरीच्या. एवढं तरी खरं असणारच ना.

२५ फेब्रुवारी

उद्या.

आज ओझं आलं तेव्हा श्वास ऐकू आला. कानामागं. दमलेल्या माणसाचा. मी म्हटलं, श्रीमंतभाऊ, उद्यापर्यंत थांबा. खरंच म्हटलं, वेड लागल्यासारखं. तर थोडंसं हलकं झालं. खरंच झालं.

ताईनं आज माझ्या केसांना तेल लावलं. किती वर्षांनी. मी तिला म्हटलं, ताई, मी कुणावरही रागावलेली नाही. तिनं केस ओढून घट्ट वेणी घातली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कट्ट्यावर आहे. वही खिशातच असते हल्ली. दाजी पाना आणायला खाली गेलेत, जुन्या दोरीचा गंजलेला हुक हलत नाही म्हणाले. तोवर लिहिते.

सकाळी सगळेच निघालो. ताईनं उपासाची खिचडी डब्यात घेतली, दिशालाही घेतलं. मी म्हटलं, तिला कशाला? तर ताई म्हणाली, घरी एकटी कशी ठेवू? साइटवर चिटपाखरू नाही. कारखाना तेवढा चालू आहे, मळीचा वास येतोय.

दाजींनी मला बेल्ट दिला, दोरी दिली. वर आल्यावर हुक कठड्याला लावला. त्यांनी मागून कचकन ओढून बघितली. म्हणाले, धरलं. किती बरं वाटलं ते ऐकून! मला कोणी पहिल्यांदाच म्हटलं. मी डोळे पुसले.

ती दुसरी दोरी, त्याची, तशीच आहे. लोंबतेय. वारा नाही तरी ताणलेली.

बराच वेळ झाला. पाना ऑफिसात आहे की नगरला?

--

शिडीच्या तोंडाशी जाळीचं दार आहे. कुलूप.

हाक मारली. दाजी खाली दिसताहेत, आवारात. वर बघत नाहीत. गाडीला किल्ली लावताहेत.

--

दोरी बघितली. माझी. आत्ता बघितली. आधी बघायला हवी होती. रोज लोकांना सांगते, पुडी बघा, शिलाई बघा. त्यांनी ओढून धरलं म्हटलं आणि मी वळूनही पाहिलं नाही. पुडीवरची शिलाई सीटच्या जाड दोऱ्याची आहे.

शिवलेली आहे ही. ही पण.

पट्टे करकचून बांधलेत मागून. बकल हाताला येत नाही.

--

बारा वाजत आलेत. ठीक आहे. मी सोडते. आजच्यापुरतं सोडते. मला जगायचंय. श्रीमंतभाऊ, माफ करा, उद्या परत धरीन, पण आज मी सोडते. त्याची दोरी हातात घेतली. खाली मोकळं आहे ना बघायला वाकले—

खाली दिशा आहे.

बरोबर खाली. चपटी ढकलगाडी आहे तिथं. माझं हेल्मेट घालून. हात हलवतेय.

ओरडले, बाजूला हो! ती ओरडून सांगतेय, आई म्हणाली इथंच थांबायचं. भोंगा थांबेपर्यंत हलायचं नाही म्हणाली. मावशी बघतेय म्हणाली.

ताई गेटपाशी. चेहरा पदरात. पळत येत नाही. उचलून नेत नाही.

तिनंच उभी केलीय.

तिला माहीत आहे. मला लहानाची मोठी केलीय, तिला माहीत आहे मी दिशा खाली असताना सोडणार नाही. दाजींना माहीत नसेल. ताईला—

ताई, मी तुझी—

भोंगा

आला. जड. दोन्ही पाय कठड्याला लावलेत. एका हातानं

शिलाई उसवतेय. ऐकू येतेय. एक एक

सोडणार नाही दिशा सोडणार नाही पळ तू पळ ना गं बाजूला

ताई तिला उचल

उच